मासा काय खाऊन वाढला?

आमच्या फिकहने, म्हणजे धर्मशास्त्राने, माशाला एक मोठी सवलत दिलेली आहे. बकऱ्याला जबह लागतो, कोंबडीला लागतो, माशाला लागत नाही. पाण्यातून बाहेर काढला की तो हलाल. यापुढचे मतभेद तपशिलाचे आहेत. कोकणातले शाफई मुसलमान कोळंबी आणि कुर्ल्या निःशंक मनाने खातात. देशावरच्या आम्हा हनफींमध्ये खेकडा वर्ज्य, आणि कोळंबीचा वाद अजून मिटलेला नाही. हनफी उलेमांनी आणखी एक बारीक अट घातली. जो मासा आपल्या मरणाने मरून पाण्यावर तरंगू लागला, तो खाऊ नये. म्हणजे मासा कसा मेला, हा प्रश्न त्यांनी विचारला. तो कसा जगला, काय खाऊन वाढला, हे विचारण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. नदीतल्या आणि दर्यातल्या माशाचे पोट अल्लाने भरलेले असायचे. माणसाचा हात जाळे टाकण्यापुरता.

आज हा हात जाळ्याच्या फार आधी पाण्यात पोहोचला आहे. मासा आता पाळला जातो. त्याचे बीज हौदात तयार होते, बोटुकली तळ्यात सोडली जाते, आणि कारखान्यातून आलेल्या पोत्यातले खाद्य खाऊन ती वाढते. त्या पोत्यात काय आहे, ते कुठून आले, आणि ज्या पिकापासून ते झाले त्या पिकाच्या जनुकात माणसाने फेरफार केलेला होता का, हे प्रश्न यातूनच निर्माण झाले. जनुक बदललेल्या सोयाबीनची किंवा सरकीची पेंड खाऊन वाढलेला मासा आपण खावा का? प्रश्न वरवर विज्ञानाचा दिसतो, काहींना तो फतव्याचा वाटतो. आम्हांला तो या दोन्हींपेक्षा वेगळा, आणि अधिक जुना वाटतो.

आधी आमच्या परिसराचे पाहू. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, सातारा जिल्ह्यातून कऱ्हाडमार्गे सांगली-मिरजेला येते आणि पुढे कर्नाटकात जाते. मिरजेच्या भोई मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या याच नदीवर पोट भरले. पण बाजाराला पुरेल इतका मासा आता नदीत मिळत नाही. बर्फात येणारा आंध्रातला रोहू-कटला महाराष्ट्राच्या बाजारांत नवा राहिलेला नाही. तो येतो कोल्लेरू सरोवराच्या भोवतालच्या तळ्यांतून, म्हणजे गोदावरी आणि याच कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशांमधल्या पट्ट्यातून. नदी आमच्याकडून वाहत तिकडे जाते, आणि तिच्या दुसऱ्या टोकाचा मासा ट्रकमध्ये बसून आमच्याकडे येतो. त्याच्या जोडीला उजनीसारख्या धरणांतली चिलापी आहे, पिंजऱ्यांत आणि शेततळ्यांत वाढवलेला पंगस आहे.

हे मासे खातात काय? रोहू, कटला, मृगळ यांचे जुने खाद्य म्हणजे भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड. आंध्रात आजही भोके पाडलेल्या पोत्यांत तेल काढलेला कोंडा भरून ती पोती तळ्यात टांगतात, आणि कोंड्याबरोबर शेंगदाणा पेंड, सरकी पेंड देतात. पंगस आणि चिलापी मात्र मुख्यतः पाण्यावर तरंगणारे गोळीखाद्य खातात. त्या गोळीत प्रथिन हवे असते, आणि स्वस्तातले भरवशाचे प्रथिन म्हणजे सोयापेंड. शंभर किलो सोयाबीन गाळले की अठरा किलोच्या आसपास तेल निघते आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड उरते. व्यापारी तिला डीओसी म्हणतात. तिच्यात निम्म्याच्या जवळपास प्रथिन असते. सोयाबीन आम्हाला परके नाही. वाळवा, शिराळा, पलूस, मिरज या तालुक्यांत उसाच्या आधी किंवा उसाच्या फेरपालटात ते खरिपात घेतले जाते.

सोयापेंडीच्या आधी प्रथिनासाठी फिशमील वापरले जाई. म्हणजे मासाच वाळवून, दळून माशाला घालायचा. पेरूच्या किनाऱ्यावर पकडल्या जाणाऱ्या अँकोव्ही माशांपैकी बहुतेक असेच पीठ होऊन जगभर जातात. आपल्या गोवा-कर्नाटकच्या किनाऱ्यावरही तारली फिशमीलच्या कारखान्यांत जाते. तारली हा गरिबाचा मासा. तो दळून पैसेवाल्याच्या ताटातल्या कोळंबीला घालायचा, यात न्याय कुठला? सोयापेंडीने हा भार काही प्रमाणात हलका केला, हे मान्य केले पाहिजे. पेंडीला विरोध करणाऱ्याने तिच्या जागी काय घालायचे, हेही सांगायला हवे.

आता जनुकबदलाकडे येऊ. तणनाशक सहन करणारे सोयाबीन अमेरिकेत १९९६ मध्ये शेतात आले. त्यानंतर अर्जेंटिना आणि ब्राझीलने ते स्वीकारले. आज जगाच्या बाजारात फिरणारे बहुतेक सोयाबीन त्या जातीचे आहे. भारतात मात्र जनुक बदललेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. आपल्याकडे अधिकृतपणे आले ते बीटी कापूस, मार्च २००२ मध्ये. काही वर्षांतच देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाला. कापसाबरोबर सरकी आली, सरकीबरोबर तिचे तेल आणि पेंड. मिरजेच्या गोठ्यातली म्हैस सरकी पेंड खाते आणि तिचे दूध आमच्या चहात पडते, याला दोन दशके होऊन गेली. दुसरीकडे अर्जेंटिना-ब्राझीलमधून दरवर्षी लाखो टन सोयातेल देशात येते. त्या देशांतले बहुतेक सोयाबीन जनुक बदललेले, म्हणजे ते तेलही त्याचेच. माशाच्या पोटात काय गेले याची आम्ही चर्चा करत असताना तो मासा ज्या तेलात तळला जातो, त्या तेलाची कुळकथाही तीच असू शकते.

आणि मग २०२१ साल उजाडले. देशात सोयापेंड महागली, कुक्कुटपालक आणि खाद्य बनवणारे अडचणीत आले. २४ ऑगस्ट २०२१ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढून जनुक बदललेल्या सोयाबीनची, तेल काढलेली बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. माल उतरवण्यासाठी न्हावा-शेवा बंदर दिले. समर्थन असे होते की पेंड निर्जीव आहे. ती पेरली तर उगवणार नाही, म्हणून पर्यावरणाला तिच्यापासून धोका नाही.

या पेंडीवर वाढलेला जीव हलाल की हराम? हा प्रश्न आमच्या समाजात कुजबुजत का होईना विचारला जातो, तेव्हा त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. फिकहमध्ये ‘जल्लाला’ नावाचे एक प्रकरण आहे. जे जनावर मुख्यतः घाण खाऊन वाढते ते जल्लाला. त्याचे मांस आणि दूध निषिद्ध मानले गेले. पण कायमचे नाही. त्या जनावराला बांधून ठेवून स्वच्छ चारा घातला की ते पुन्हा खाण्यायोग्य होते. कोंबडीला तीन दिवस, बकऱ्याला चार, गाय-उंटाला दहा, असा हिशेब उलेमांनी सांगितला. यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, जनावराने काय खाल्ले याला आपल्या परंपरेत महत्त्व आहे. आपल्याला जबहच्या सुरीपुरतेच हलाल आठवते, पण उलेमांची नजर गव्हाणीपर्यंत गेली होती. दुसरी, खाल्लेली वस्तू शरीरात मुरून बदलते, हे त्यांनी ओळखले होते. या बदलाला ते ‘इस्तिहाला’ म्हणतात. दारूचा सिरका झाला की तो हलाल. मिठाच्या खाणीत पडलेले जनावर मीठ होऊन गेले की ते मीठच.

या कसोट्यांवर पेंड सहज उतरते. ती घाण नाही. बीटी कापसातले जनुक मातीतल्या एका जीवाणूचे. तणनाशक सहन करणाऱ्या सोयाबीनमधलेही मातीतल्याच जीवाणूचे. त्यात डुक्कर नाही, रक्त नाही. माशाच्या आतड्यात पेंडीतली प्रथिने आणि जनुके पचून सुटी होतात. कुठे एखादा तुकडा रक्ता-मांसात सापडलाच तरी तसा तुकडा साध्या धान्याचाही सापडतो. पेंड खाऊन माशाचे जनुक बदलत नाही, जसे भात खाऊन आपण भाताचे रोप होत नाही. प्रयोगशाळेत ज्याचेच जनुक बदलले तो मासा वेगळा. तसा सामन मासा अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाला होता. त्याची गोष्ट इथे मिसळू नये.

खरा जल्लाला मासा पाहायचा असेल तर तो आपल्याच राज्यात होता. आफ्रिकन मांगूर. कोंबड्यांच्या आणि कत्तलखान्यांच्या कुजक्या अवशेषांवर तो वाढवला जाई. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी तळी चालूच राहिली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पुन्हा बजावल्यावर महाराष्ट्रात साठे नष्ट करण्यात आले. तो मासा बाजारात विकला जात होता, कापून दिला जात होता, आणि घेणाऱ्यांत मुसलमानही असतील. तेव्हा आमच्यातल्या किती जणांनी विचारले, की हा काय खाऊन इतका माजला? सोयापेंडीच्या जनुकाची ज्यांना भीती वाटते त्यांनी आधी हा विचार करावा.

दुसरा आक्षेप ‘निसर्गविरुद्ध’ असण्याचा. अल्लाच्या निर्मितीत ढवळाढवळ, असे काही मौलवी म्हणतात. निसर्गाचा समतोल बिघडतो, असे पर्यावरणवादी मित्र म्हणतात. आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो कुठे थांबवायचा? कृष्णाकाठी डोलणारा को ८६०३२ ऊस कोइमतूरच्या संशोधन केंद्रातून आला. त्या केंद्राने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच गोड ऊस आणि रानटी ऊस यांचा संकर घडवला होता. तासगावचे बिनबियांचे द्राक्ष आपण मुलांच्या हातात देतो. रोहू-कटल्याचे पाहा. हे मासे साठलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने ओडिशात त्यांना पियुष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली. आज तळ्यात सोडली जाणारी रोहूची बोटुकली त्या वाटेनेच जन्माला येते. मग ढवळाढवळीची रेषा इंजेक्शनच्या अलीकडे ओढायची की जनुकाच्या पलीकडे? माणसाच्या हाताचा स्पर्श झाला म्हणून वस्तू नापाक होत नाही. हात कशासाठी फिरला, त्यातून कोणाचे भले झाले आणि कोणाचे नुकसान, हे तपासावे लागते.

तर मग प्रश्न मिटला? हलाल आहे, खा आणि झोपा? नाही. कुराणाने अन्नाबद्दल बोलताना एकच शब्द वापरलेला नाही. हलालच्या जोडीला ‘तय्यब’ हा शब्द आहे. तय्यब म्हणजे चांगले, निर्मळ, मनाला निःशंक करणारे. हलाल ही किमान मर्यादा, तय्यब ही अपेक्षा. आमच्या समाजाने पहिला शब्द घट्ट धरला आणि दुसरा हळूच सोडून दिला. व्याजाच्या पैशाने घेतलेले, मजुराची मजुरी बुडवून मिळवलेले मांस सुरी बरोबर फिरली म्हणून आम्ही पाक मानतो. तय्यबच्या कसोटीला ते उतरेल काय?

पेंडीच्या बाबतीत तय्यबचा प्रश्न रसायनाचा कमी आणि व्यवहाराचा अधिक आहे. इथे हदीसमधला एक प्रसंग आम्हांला मार्गदर्शक वाटतो. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) मदिनेच्या बाजारातून जात असताना एका धान्याच्या ढिगापाशी थांबले. त्यांनी ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, बोटांना आत ओल लागली. विचारल्यावर विक्रेता म्हणाला, पाऊस लागला होता. पैगंबरांनी त्याला विचारले, की मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते. आणि फसवणारा आमच्यातला नाही, अशा अर्थाची कठोर समज दिली.

या प्रसंगात एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. ओले धान्य विकू नकोस, असे पैगंबर म्हणाले नाहीत. ओले धान्य हराम ठरवले नाही. ते खाण्याने कोणी आजारी पडेल का, याची चौकशीही केली नाही. कदाचित ते वाळवून चांगले झाले असते, कदाचित कोणी स्वस्तात आनंदाने नेले असते. त्यांचा आक्षेप एवढाच, की जे होते ते वर ठेवले नाही. घेणाऱ्याला ठरवण्याचा हक्क राहिला नाही. धोका सिद्ध झाल्यावरच सांगायचे, असा नियम त्यांनी घालून दिला नाही. वस्तू आहे तशी दाखवणे हे विक्रेत्याचे कर्तव्य, आणि ते धोक्याच्या पुराव्यावर अवलंबून नाही.

आता हाच हात आजच्या ढिगात घालून पाहा. कटला विकणाऱ्या बाईला तो काय खाऊन वाढला हे ठाऊक नाही. तिला दोष देता येणार नाही, कारण व्यापाऱ्याने तिला सांगितले नाही. व्यापाऱ्याला तळ्याच्या मालकाने सांगितले नाही. मालकाने पोते विकत घेतले, पोत्यावर प्रथिनाचे प्रमाण लिहिलेले, पेंडीचे कूळ लिहिलेले नाही. म्हणजे खोटे कोणीच बोललेले नाही. तरी वर कोरडे आणि खाली ओले अशी स्थिती तयार झालीच. आधुनिक बाजाराचे हे वैशिष्ट्य आहे. त्यात लबाडी करायला लबाड माणूस लागत नाही. प्रत्येकाने आपापल्या पायरीवर गप्प राहिले की पुरते.

आणि सर्वांत वरच्या पायरीवर सरकार आहे. त्याचे वागणे पाहावे. बीटी वांग्याचा प्रश्न आला तेव्हा २०१० मध्ये पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यांत आपले नागपूर होते. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक बोलले, भांडले, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी वांगे स्थगित झाले. निर्णय बरोबर की चूक यावर दुमत असेल. पण लोकांना विचारले गेले. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ मार्च २०२१ पासून सोयाबीनसह चोवीस आयात पिकांना जनुकबदल नसल्याचा दाखला सक्तीचा केला. आणि त्याच वर्षी, सहा महिन्यांच्या आत, बारा लाख टन पेंडीला दार उघडले. वांग्यासाठी लोकांना विचारले, पेंडीसाठी विचारले नाही. माणसाने थेट खाल्ले तर दाखला, जनावराच्या पोटातून आले तर दाखला नाही. युरोपातही अर्धे असेच आहे. २००३ च्या कायद्याने तिथे खाद्याच्या पोत्यावर जनुकबदलाचा उल्लेख बंधनकारक आहे. पण ते खाद्य खाल्लेल्या जनावराचे मांस, दूध, मासा यांवर तसा उल्लेख लागत नाही. तरी निदान पोत्यावर तरी लिहिलेले असते. पाळणाऱ्याला तरी कळते.

या सरकारी निर्णयात शेतकऱ्याचे काय झाले? २०२१ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. ऑक्टोबरपर्यंत तो निम्म्याच्या आसपास आला. एकट्या आयातीने भाव पाडला, असे म्हणणे अतिरेक होईल. नवे पीकही त्याच वेळी बाजारात येत होते. पण पीक काढणीच्या तोंडावर परदेशी पेंडीची बातमी आली की व्यापाऱ्याचा हात आखडतो, हे बाजार समितीत उभा राहणारा कोणताही शेतकरी सांगेल. हमीभाव त्या वर्षी ३,९५० रुपये होता, म्हणजे भाव त्याच्या वर राहिला, हेही खरे. प्रश्न केवळ आकड्याचा नाही. जनुक बदललेले सोयाबीन शेतकऱ्याने पेरले तर तो गुन्हेगार. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक सहन करणारे, बंदी असलेले कापसाचे बियाणे उघडपणे पेरले, तेव्हा त्यांच्यावर खटले भरले गेले. लोक त्याला चोरबीटी म्हणतात. पण तशाच सोयाबीनची पेंड अर्जेंटिनाच्या शेतकऱ्याने पिकवून बोटीने पाठवली तर ती आयात कायदेशीर. बियाणे घातक असेल तर पेंड घेऊ नका. घातक नसेल तर आपल्या शेतकऱ्याला का अडवता? ‘निर्जीव आहे’ हे उत्तर पर्यावरणापुरते पटते, न्यायापुरते पटत नाही. कुराणात माप मारणाऱ्यांवर एक आख्खी सूरह सुरू होते. स्वतः घेताना पुरे घेणारे आणि देताना कमी देणारे. एका वस्तूला दोन मापे लावणे हा त्याच पापाचा मोठा प्रकार आहे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मासा पाळणाऱ्याच्या एकूण खर्चात निम्म्याहून अधिक खर्च खाद्याचा असतो. पेंड महागली की लहान तळेवाला बुडतो, मासा महागतो, आणि ज्या घरात आठवड्यातून एकदा मासा शिजतो तिथे तो शिजेनासा होतो. त्या घरातल्या मुलाच्या प्रथिनाचा प्रश्न आमच्या नैतिक चर्चेपेक्षा लहान नाही. त्याला जनुकाची भीती घालून मासा सोडायला लावणे म्हणजे पोटभरल्यांनी भुकेल्याला उपदेश करणे. म्हणून ‘बंदी घाला’ ही घोषणा आम्हांला पटत नाही. त्याचप्रमाणे ‘विज्ञानाने सांगितले, आता गप्प बसा’ हेही पटत नाही. पेंड पचते हे विज्ञान सांगते. पण त्या पिकावर किती तणनाशक पडले, त्याने कोणाच्या शेताचे काय झाले, हे प्रश्न पचनाने मिटत नाहीत. ग्लायफोसेट या तणनाशकाला २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने संभाव्य कर्करोगकारक म्हटले. अमेरिका-युरोपच्या नियामकांनी तसे मानले नाही. भारत सरकारने २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले. बीटी कापसाने अळीपासून सुटका करण्याचे वचन दिले होते. २०१७ पर्यंत गुलाबी बोंडअळी त्याला सरावली, आणि त्याच हंगामात यवतमाळमध्ये फवारणी करणारे मजूर विषबाधेने मेले. असे असताना शंका घेणाऱ्याला अडाणी म्हणणे उद्दामपणाचे आहे. हलाल स्पष्ट, हराम स्पष्ट, आणि मध्ये संशयाच्या गोष्टी, अशी शिकवण आपल्याकडे आहे. संशयाच्या जागी ज्याला दूर राहायचे आहे त्याला दूर राहता आले पाहिजे. पण वस्तू काय आहे हेच कळले नाही, तर तो दूर कसा राहणार?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. खाद्याच्या पोत्यावर पेंडीचे कूळ लिहा. देशी की आयात, जनुक बदललेली की नाही. खर्च वाढेल, वेगळे साठवणे अशक्य आहे, असे कारखानदार म्हणतील. पण नॉर्वेचे सामन-उत्पादक वर्षानुवर्षे ब्राझीलमधून जनुकबदल नसलेले सोया वेगळे करून घेतात. गिऱ्हाईक मागते तेव्हा बाजाराला सर्व काही जमते. उलट, भारतात पिकणारे सोयाबीन जनुकबदल नसलेले आहे, ही आपल्या शेतकऱ्याची मोठी पुंजी आहे. पोत्यावर लिहिण्याची सक्ती झाली तर वाळव्याच्या सोयाबीनला वेगळी किंमत येऊ शकेल. आज ओले आणि कोरडे एकाच भावाने जाते.

मिरजेला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. इथले सतारमेकर दीडशेहून अधिक वर्षे तंतुवाद्ये घडवत आहेत. तंबोरा घेणारा गवई भोपळा कुठला, लाकूड कोणते, हे विचारतो. कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड, असे सांगतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वस्तू कुठून आली, कशी झाली, याच्या हमीचेच ते मानांकन आहे. कानाला लागणाऱ्या वस्तूचे कूळ आम्ही इतक्या आदराने विचारतो, मग पोटात जाणाऱ्या वस्तूचे विचारायला संकोच कसला?

आमच्या समाजाला वेगळे एक सांगायचे आहे. यावर उपाय म्हणून ‘हलाल फिश’ असा आणखी एक शिक्का काढू नये. शिक्क्यांचा धंदा आधीच पुष्कळ झाला. उत्तर प्रदेशात २०२३ मध्ये हलाल प्रमाणित वस्तूंवर बंदी आली तेव्हा आम्ही अन्यायाविरुद्ध बोललो, ते योग्यच होते. पण त्याच वेळी स्वतःला विचारायला हवे होते, की शिक्का मारलेल्या पाकिटाच्या आतला व्यवहार कसा आहे? शिक्का मुसलमानापुरता असतो. पोत्यावरची खरी माहिती मात्र हिंदू, जैन, मुसलमान, नास्तिक अशा सर्वांच्या कामाची. पैगंबरांनी मदिनेच्या ढिगात हात घातला तेव्हा त्या बाजारात येणारे सगळेच मुसलमान नव्हते. ओल मात्र सर्वांनाच लागली असती.

जनुक बदललेली पेंड खाल्लेला मासा आमच्या मते हलाल आहे. तो तय्यब आहे की नाही, हे मात्र माशावर अवलंबून नाही. ते तो विकणाऱ्यांच्या, पिकवणाऱ्यांच्या आणि कायदा करणाऱ्यांच्या उघडपणावर अवलंबून आहे. निदान एवढे तर प्रत्येकाच्या हातात आहे. मासा घेताना भावाबरोबर एक प्रश्न विचारावा, हा कुठला आणि काय खाऊन वाढला? पहिल्यांदा विक्रेत्या बाईला उत्तर देता येणार नाही. पण पुष्कळांनी विचारले तर ती व्यापाऱ्याला विचारील, व्यापारी तळेवाल्याला, तळेवाला कारखान्याला. ओले धान्य वर येते ते असेच, कोणीतरी ढिगात हात घातल्यावर.